शुक्रवारची अर्धी शाळा

सोम, मंगळ, बुध, गुरू अशा ग्रहांच्या नावांनी आपण आठवड्याचे वार ओळखतो, आणि त्यामुळे प्रत्येक वाराला आपापले दैवत, आपापला उपवास आणि आपापला स्वभाव लाभलेला असला, तरी हे सारे वार मिळून कोठे तरी निघाले आहेत असे आपणांस सहसा जाणवत नाही. हिब्रू भाषेत वारांना अशी नावे नाहीत. तेथे रविवार म्हणजे ‘योम रिशोन’, अर्थात पहिला दिवस. सोमवार हा दुसरा, मंगळवार हा तिसरा, असे मोजत मोजत सहाव्यापर्यंत जायचे, आणि सातव्याला मात्र संख्येने न ओळखता ‘शब्बाथ’ या त्याच्या नावाने हाक मारायची. सहा दिवस केवळ क्रमांकाचे, आणि ते सर्व त्या एका नाव असलेल्या दिवसाकडे तोंड करून चाललेले! यहुदी प्राथमिक शाळा, मग ती आज तेल अवीवमध्ये वा लंडनमध्ये भरत असो किंवा एके काळी आपल्या मुंबईत भरत असो, नीट समजून घ्यायची असेल तर तिचा अभ्यासक्रम चाळण्याआधी तिचा आठवडा पाहावा, असे माझे मत आहे.

हा आठवडा शुक्रवारी पूर्णतेस येतो. इस्राएलात शाळा रविवारी सुरू होते आणि शुक्रवारी मध्यान्हाच्या सुमारास सुटते; लंडनसारख्या उत्तरेकडील शहरात हिवाळ्यात सूर्य चार वाजण्याच्या आतच मावळत असल्यामुळे तेथील यहुदी शाळांना त्या ऋतूत शुक्रवारची घंटा लवकर द्यावी लागते, कारण शब्बाथ घड्याळाप्रमाणे येत नाही, सूर्यास्ताबरोबर येतो. मुले घरी जाण्यापूर्वी खालच्या वर्गांतून ‘कब्बालत शब्बाथ’, म्हणजे शब्बाथचे स्वागत, होते. मेजावर पांढरे वस्त्र अंथरलेले असते, दोन मेणबत्त्या, द्राक्षरसाचा एक पेला आणि कापडाखाली झाकून ठेवलेल्या, वेणीसारख्या गुंफलेल्या दोन पावरोट्या मांडलेल्या असतात; वर्गातील एक मुलगी त्या दिवसापुरती घरची आई होते, एक मुलगा बाप होतो, आणि घरी आईबाप जे आशीर्वचन म्हणतात ते ही बालके आपल्या सवंगड्यांसाठी म्हणतात. हा मान पाळीपाळीने सर्वांना मिळतो. ज्या मुलाचे नाव वर्षभर कोणत्याही गुणपत्रकात वरच्या ओळीत येत नाही, त्याच्याही वाट्याला एक शुक्रवार असा येतो की ज्या दिवशी सारा वर्ग त्याच्या आवाजाची वाट पाहतो. आणि प्राथमिक शिक्षणाचा ज्याने थोडाही अनुभव घेतला आहे, त्याला अशा एका दिवसाचे मोल निराळे सांगावे लागू नये.

त्याच दिवशी त्या आठवड्याच्या ‘पाराशा’ची उजळणी होते. मोशेच्या पाच ग्रंथांचे म्हणजे तोराचे चोपन्न भाग पाडलेले असून, दर शब्बाथला क्रमाने त्यांचे वाचन होऊन वर्षात ते पूर्ण होते, आणि ज्या दिवशी अखेरचा भाग संपतो त्याच दिवशी पुन्हा पहिल्यास आरंभ होतो. त्यामुळे सात वर्षांचे मूल शाळेत जी कथा ऐकते, तीच कथा त्या सप्ताहात त्याचा आजा सिनेगॉगमध्ये ऐकणार असतो. मूल एक कागद दप्तरात घालून घरी नेते आणि शुक्रवारी रात्री ताटावर बसल्यावर ती गोष्ट वडीलधाऱ्यांना सांगते. शाळेने दिलेला पाठ घरच्या पंक्तीत विचारला जावा आणि तोही परीक्षेच्या धाकाने नव्हे तर कौतुकाने, ही व्यवस्था किती दूरदृष्टीची आहे! सोमवारी आणि गुरुवारीही सकाळच्या प्रार्थनेत तोराचे थोडे वाचन होते, आणि त्याचे परंपरागत कारण आपल्याकडच्या माणसाला चटकन पटण्यासारखे आहे: ते जुने बाजाराचे दिवस होत. खेड्यापाड्यांतून माल घेऊन आलेला शेतकरी अनायासे गावात असे, तेव्हा त्याच्याही कानी दोन शब्द पडावेत हा हेतू.

शुक्रवारच्या त्या मेजाजवळ एक पत्र्याची डबी असते, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. शब्बाथ लागल्यावर पैशाला हात लावायचा नसतो, म्हणून त्यापूर्वी प्रत्येक मूल तीत एखादे नाणे टाकते. या कृतीला ‘त्सदाका’ म्हणतात. आपण त्याचा अर्थ ‘दानधर्म’ असा करू, परंतु ज्या धातूपासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ न्याय असा आहे. गरजूला दिलेला पैसा हा देणाऱ्याच्या औदार्याचा पुरावा नसून त्या गरजूचा हक्क होता व तो त्यास पोचता केला, एवढाच त्याचा आशय. आणि म्हणूनच, ज्याला स्वतःला मदत मिळते अशा दरिद्री माणसानेही त्यातून काही अंश द्यावा, असा त्यांच्या धर्मशास्त्राचा दंडक आहे. डबीतील रक्कम कोणाला द्यायची याचा विचार पुष्कळ शाळांतून मुलांनाच करू देतात. लहान वयात जमाखर्च आणि न्याय या दोन गोष्टी एकाच डबीतून शिकविणारा याहून सुलभ धडा मला तरी ठाऊक नाही.

या समाजात शाळा ही संस्था किती जुनी आहे याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. यहोशुआ बेन गामला नावाच्या महायाजकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याची व्यवस्था केली, असे तालमूदात नमूद आहे. आणि त्याच ठिकाणी पुढे असा नियम आढळतो की एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत, ती चाळीस झाली तर त्याच्या मदतीस एक साहाय्यक द्यावा, आणि पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमावेत. आमच्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी एका शिक्षकामागे तीस मुलांचे प्रमाण ठरविले. पंधरासोळा शतकांपूर्वी संकलित झालेल्या एका धर्मग्रंथात वर्गाच्या पटसंख्येचा इतका व्यवहारी विचार व्हावा, यावरून शाळेची गणना त्या समाजाने प्रार्थनास्थळाच्या बरोबरीने केली होती हे उघड होते.

आता आपल्या घरी येऊ. कुलाबा जिल्ह्यात, ज्याला आज रायगड म्हणतात, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया बचावल्या, आणि त्यांचा वंश कोकणातल्या गावागावांतून पसरला, अशी बेने इस्राएल या आपल्याकडील यहुदी लोकांची परंपरागत समजूत आहे. ग्रंथ समुद्रात बुडाले होते, पुरोहित कोणी नव्हता, हिब्रू भाषा विसरली गेली होती. तरीही सुंता, खवले व पर असलेलीच मासळी खाण्याचा निर्बंध, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आणि शनिवारची विश्रांती एवढ्या गोष्टी त्यांनी टाकल्या नाहीत. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकलेली आहे की तिच्यातील थोरवी आपल्या लक्षातच येत नाही. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर असे आपल्याच मातीची आडनावे लावणारे, मराठी बोलणारे, आपल्याच वेषात वावरणारे हे लोक ज्या एका धाग्याने स्वत्व टिकवून राहिले, तो धागा म्हणजे आठवड्याची मोजणी होय. ग्रंथ गेले, परंतु सातवा दिवस राहिला.

पुढे इंग्रजी अमलात ही माणसे पलटणींत, कचेऱ्यांत, इस्पितळांत आणि रेल्वेत नोकरीला लागली, मुंबईस येऊन राहिली, आणि १७९६ मध्ये सामुएल इझिकिएल दिवेकर यांनी मांडवी भागात त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. मुलांच्या शिक्षणाची सोय प्रथम अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांतून झाली. हिब्रूची ओळखही पुष्कळांना तेथेच झाली, आणि डॉ. जॉन विल्सन यांनी मराठी जाणणाऱ्यांसाठी हिब्रूचे व्याकरण रचले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु परक्या धर्माच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला अक्षरे मिळाली तरी आपला आठवडा मिळत नाही. सरकारी कचेरीतल्या बापाला शनिवारची रजा नाही, शाळेतल्या मुलाला शनिवारी सुटी नाही, अशा अवस्थेत खेड्यातील अशिक्षित तेल्याने जे शतकानुशतके सांभाळले ते शहरातील सुशिक्षित नातवाच्या हातून निसटण्याचा संभव होता. हाईम सामुएल किहीमकर या विचारी गृहस्थाने काही स्वजनांच्या साह्याने १८७५ मध्ये मुंबईत ‘इस्रायलाइट स्कूल’ काढले ते या पार्श्वभूमीवर. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत या शाळेस मिळाली. पुढे सर एली कदूरी या बगदादमध्ये जन्मलेल्या व पूर्वेकडील देशांत व्यापार करणाऱ्या धनिकाच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव देण्यात आले, आणि माझगावातील ‘सर एली कदूरी स्कूल’ म्हणून ती आजही ओळखली जाते. आपल्या समाजाचा इतिहास किहीमकरांनीच १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवला होता, परंतु तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. शाळा मात्र त्यांनी डोळ्यांदेखत उभी केली.

या शाळेची सूत्रे १९२२ पासून जवळजवळ तीन दशके रिबेका रूबेन यांच्या हाती होती. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या या विदुषीने आपले आयुष्य एका लहानशा समाजाच्या शाळेला वाहिले. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव जितक्या ठळकपणे यावयास हवे तितके ते येत नाही, ही आपली चूक आहे आणि ती दुरुस्त करण्यास अद्यापि अवधी आहे.

अशा शाळेत मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तीन भाषांच्या संगमावर मूल वाढत होते. त्याच्या पंचांगाचा विचार करा. हिब्रू महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचे, म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा एक महिना वाढवून दोहोंचा मेळ घालावा लागतो. आपल्या अधिक मासाचे तत्त्व हेच. पुरीमचा सण अदार महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे बहुधा आपल्या होळीच्या आगेमागे येतो, आणि कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्याला ‘होळीचा सण’ असेच नाव दिले होते. त्यांचे वर्षारंभाचे पर्व तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घरात उपवास व प्रार्थना. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याच्या दिवशी वालाचे बिरडे होत असे म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. दोन हजार वर्षांपूर्वीचे एका राष्ट्राचे दुःख कोकणच्या वालात शिजवून स्मरणात ठेवणारी ही नावे एखाद्या विद्वानाने बसून बनविलेली नाहीत. ती बायकांनी स्वयंपाकघरात घडविली, आणि मुलांनी शाळेत त्यांच्या शेजारी हिब्रू नावे लिहिली.

वल्हांडणाच्या रात्रीचे उदाहरण तर शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्या रात्रीच्या भोजनविधीत कुटुंबातील सर्वांत धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात: आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? बेखमीर भाकर का? कडू भाजी का? मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या मुक्ततेची सारी कथा त्या प्रश्नांच्या उत्तरादाखल सांगितली जाते. मुलाने विचारले नाही, तर वडिलांच्या कथेला वाट मिळत नाही. यहुदी प्राथमिक शाळांतून या सणाच्या आधी वर्गातच त्या विधीचा सराव करवितात, म्हणजे घरच्या रात्री मूल अडखळू नये. हा भोजनविधी ज्या पोथीवरून चालतो ती ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह मुंबईस १८४६ मध्ये आणि पुण्यास १८७४ मध्ये छापली गेली. आणि डेव्हिड सॅसून यांच्या संस्थेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी कितीतरी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. बायबलातील आख्याने कीर्तनाच्या मराठमोळ्या ढंगात रंगविणारे बेने इस्राएल कीर्तनकारही याच काळात झाले. हा एक आगळा मान मराठीस मिळालेला आहे, आणि मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिताना आपण त्याची दखल एखाद्या तळटीपेत घेतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. धर्मवार, जातवार शाळा काढल्याने मुले अलग पडतात, संकुचित होतात, सबब अशा शाळांचे कौतुक करू नये, असे म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांची चिंता प्रामाणिक आहे. परंतु येथे वस्तुस्थिती काय सांगते? १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलात निघून गेली, आणि समाजाची मुले कमी कमी होत गेली. तेव्हा माझगावच्या शाळेने दारे बंद केली नाहीत, तर आजूबाजूच्या वस्तीतील सर्व धर्मांच्या मुलांना आपल्या पटावर घेतले. भायखळ्याच्या सर जेकब सॅसून शाळेत आणि १८८१ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्येही तेच घडले, आणि आज तेथे शिकणाऱ्या मुलामुलींत मुसलमान घरांतील मुले बहुसंख्य आहेत. ज्यांची स्वतःच्या आठवड्यावर निष्ठा होती त्यांनीच शेजाऱ्याच्या मुलासाठी जागा केली. स्वत्व आणि औदार्य यांचे वैर असते, या समजुतीला या शाळांच्या हजेरीपटांइतके परखड उत्तर दुसरे नाही.

आमच्या मराठी शाळांना मात्र आठवडा राहिलेला नाही, हे मला खेदाने म्हणावे लागते. माझ्या बालपणी शनिवारी सकाळची शाळा असे. वर्ग झाडून काढायचे, कवायत करायची, श्लोक आणि पाढे मोठ्याने म्हणायचे, एखाद्याने उभे राहून गोष्ट सांगायची, आणि दहा-साडेदहाच्या उन्हात हुंदडत घरी जायचे. त्या शनिवारला एक चेहरा होता. आज तासिका आहेत, चाचण्या आहेत, परिपत्रके आहेत, ठराविक मुदतीत भरून पाठवायचे तक्ते आहेत. परंतु सोमवारचा आणि गुरुवारचा भेद मुलाला सांगता येत नाही, आणि शाळेत जे घडले ते घरच्या पंक्तीत विचारले जात नाही. धर्माचा प्रश्न यात नाही. कोणत्याही पंथाची प्रार्थना न म्हणताही एखादी जिल्हा परिषदेची शाळा आठवड्याच्या अखेरचा एक तास असा राखू शकेल की ज्यात पाळीपाळीने एकेक मूल यजमान होईल, त्या आठवड्यातील एक गोष्ट सर्वांनी मिळून पक्की करून ती घरी न्यावी असे ठरेल, आणि एका डबीत जमलेल्या चार पैशांचे काय करायचे याचा निवाडा मुलेच करतील. यास अनुदान लागत नाही, मंजुरीही लागू नये.

स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला बेने इस्राएल समाज आज महाराष्ट्रात अवघ्या काही हजारांवर आला आहे. ठाणे, मुंबई, पुणे आणि अलिबागकडील थोडी गावे एवढ्यांत तो सामावतो. शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला, हे उचित झाले. लोद, अश्दोद, दिमोना या इस्राएली गावांतून त्यांची नातवंडे आज हिब्रू शाळांत शुक्रवारचे स्वागत करतात, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथे चालविले गेले. १९६० नंतर त्या देशातील काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली, तेव्हा त्यांना निकराने झगडावे लागले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांचा समान अधिकार निःसंदिग्धपणे घोषित केला. जो समाज शेकडो वर्षे ग्रंथावाचून शनिवार पाळत आला, त्याच्याकडे दाखला मागितला जावा याचे दुःख एखाद्या मराठी माणसाला त्यांच्या इतकेच झाले पाहिजे.

माझगाव, भायखळा, उमरखाडी या भागांत ज्यांनी त्या शाळांतून प्राथमिक शिक्षण घेतले अशी वृद्ध माणसे अजून आपल्यात आहेत, आणि काही समुद्रापलीकडे आहेत. त्यांच्या शाळेचा शुक्रवार कसा असे, हिब्रूचा तास कोण घेत असे, नव्याच्या सणाला डब्यात काय येत असे, हे सांगणारी ही शेवटची पिढी होय. विद्यापीठांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखती आताच टिपून घ्याव्यात. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाने शाळांची जुनी दफ्तरे, हजेरीपट आणि वार्षिक अहवाल यांच्या नकला करून ठेवाव्यात. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी मराठी हग्गादा, एखादे जुने शालेय नियतकालिक, वर्गाचे छायाचित्र किंवा आजोबांची हिब्रू अक्षरे गिरवलेली वही असेल, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये, जवळच्या ग्रंथसंग्रहालयास नेऊन दाखवावी.